ताबा घेतला, फेरफार केला का?

या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रे फाइलींवरच्या सुरक्षा-लेबलांची (बहुतेक लिनक्समधल्या) निघाली, म्हणून हे सदर सगळे त्यांनाच देऊन टाकते. कमांड नेहमीप्रमाणे उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टाइप करायच्या. ‘मायनस’ म्हणजे अक्षराआधीची आडवी रेघ.

प्रश्न : ताई, मी कराडजवळच्या एका महाविद्यालयात लॅब असिस्टंट आहे. वेबसर्व्हरही माझ्याच गळ्यात पडला आहे. निकालाची पीडीएफ माझ्या होम डिरेक्टरीत तयार केली आणि ‘एमव्ही’ने उचलून ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल’मध्ये टाकली. ब्राउझर म्हणतो ४०३, फॉरबिडन. परवानगी ६४४ होती, ती ७७७ केली. फोल्डरलाही ७७७ केली. मालक बदलून अपाचे (वेबसर्व्हरचा प्रोग्रॅम) केला. ढिम्म फरक नाही. तीच फाइल ‘सीपी’ने कॉपी केली की मात्र उघडते! मुले फोन करकरून जीव खातात. हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर : आधी ते ७७७ काढा, त्याने सगळ्यांना सगळे मोकळे होते. फाइलला ६४४, फोल्डरला ७५५. तेवढे करून या, मग पुढचे वाचा.

झाले? आता ‘गेटएनफोर्स’ टाइप करून बघा. उत्तर ‘एनफोर्सिंग’ आले, तर तुमच्या सर्व्हरवर एसईलिनक्स (लिनक्सचा लेबलांवर चालणारा जादा पहारा) जागे आहे, आणि ते असणारच. नेहमीच्या परवानग्यांनी ‘हो’ म्हटले, तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) आणखी एका ठिकाणी विचारून येतो. तिथे प्रत्येक फाइलचे आणि प्रत्येक चालू प्रोग्रॅमचे लेबल बघितले जाते. लेबलाचे चार भाग कोलनने जोडलेले असतात: वापरकर्ता, भूमिका, प्रकार आणि शेवटी पातळी. ‘एलएस मायनस कॅपिटल झेड’ केलेत की सगळे दिसते. तुमच्या पीडीएफवर तिसऱ्या भागात ‘युजर_होम_टी’ असेल आणि शेजारी सुखाने नांदणाऱ्या जुन्या फाइलींवर ‘एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी’. अपाचेला कुणाच्या घरात डोकवायची मुभा नाही. तुमची फाइल घरातून निघून चावडीवर आली खरी, पण तिच्या कपाळावर शिक्का घरचाच राहिला.

एमव्ही फाइल आहे तशी उचलते, लेबलासकट. सीपी नवी फाइल जन्माला घालते, आणि नव्या फाइलला सहसा ज्या फोल्डरात जन्मली तिथले लेबल मिळते. एवढेच गौडबंगाल. यातही दोन फाटे आहेत. त्या जागी त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर सीपी तिच्यातच मजकूर ओतते आणि लेबल त्या जुन्या फाइलचे राहते. आणि ‘सीपी मायनस ए’ लिहिलेत तर मूळ लेबलही बोचक्यात बांधून आणले जाते.

तुम्ही ७७७ पर्यंत का गेलात तेही मला ठाऊक आहे. अपाचेच्या एरर लॉगमध्ये ‘सर्च परमिशन्स आर मिसिंग ऑन अ कंपोनंट ऑफ द पाथ’ असे वाक्य आले असेल. ते वाचून भलेभले वरच्या प्रत्येक फोल्डरला परवानग्या वाटत सुटतात. अपाचेला बिचाऱ्याला कर्नलकडून फक्त ‘नाही’ एवढेच कळते. कोणी नाही म्हटले हे कळत नाही, म्हणून तो अंदाज बांधतो. खरे कारण ऑडिटच्या लॉगमध्ये असते. ‘एयूसर्च मायनस एम एव्हीसी मायनस टीएस रीसेंट’ चालवा. ‘डिनाइड’ असलेल्या ओळीत विचारणारा कोण (एचटीटीपीडी_टी, म्हणजे अपाचे) आणि कशावर अडला (युजर_होम_टी) हे दोन्ही छापलेले सापडेल.

उपाय एका ओळीचा आहे: ‘रिस्टोरकॉन मायनस व्ही’ आणि पुढे फाइलचा पत्ता. तो त्या जागेला शोभणारे लेबल फाइलला परत लावतो. पुढच्या वेळी एमव्हीलाच ‘मायनस कॅपिटल झेड’ जोडा, म्हणजे नव्या जागेचे लेबल तिथल्या तिथे लागेल.

प्रश्न : मी इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत हिशेब आणि संगणक दोन्ही बघतो. उत्पादनाचे रोजचे अहवाल ‘/डेटा/अहवाल’ या फोल्डरात ठेवून वेबवर दाखवायचे होते. नेटवर वाचून ‘सीएचकॉन मायनस कॅपिटल आर मायनस टी’ने सगळ्या फोल्डरचे लेबल बदलले. आठ महिने झकास चालले. गेल्या महिन्यात कंत्राटदाराचा माणूस येऊन काहीतरी करून गेला, त्यानंतर सर्व्हर दोनदा रीस्टार्ट झाला आणि लेबले पुन्हा ‘डिफॉल्ट_टी’! सीएचकॉन रीस्टार्टला टिकत नाही का?

उत्तर : टिकते. रीस्टार्टचा यात दोष नाही. लेबल फाइलसोबत डिस्कवरच लिहिलेले असते, त्यामुळे शंभर वेळा बंद-चालू केलेत तरी ते जात नाही.

तुमच्या भागात शेतीचे वाद पाहिले असतील. जमीन कसतो एक, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे. कसणाऱ्याला वाटते, इतकी वर्षे ताबा माझा, म्हणजे जमीन माझी. मग कुणीतरी उतारा काढतो. सीएचकॉन म्हणजे ताबा. तुम्ही फोल्डरात शिरलात, पाटी बदललीत, कुणी हटकले नाही. पण ‘या पत्त्यावरच्या फाइलींचे लेबल काय असावे’ याची एसईलिनक्सची एक वेगळी नोंदवही आहे, आणि तिच्यात तुमच्या /डेटा/अहवालचे नावच नाही. रिस्टोरकॉन आला की तो उतारा बघतो, ताबा बघत नाही.

तो आला कसा? माझा अंदाज सांगते. कंत्राटदाराच्या माणसाचा प्रोग्रॅम चालेना, म्हणून त्याने ‘/ईटीसी/एसईलिनक्स/कॉन्फिग’मध्ये ‘डिसेबल्ड’ लिहून रीस्टार्ट मारला. काम झाल्यावर, किंवा तुमच्यापैकी कुणाच्या तरी लक्षात आल्यावर, ते पुन्हा चालू केले. बंद असण्याच्या काळात तयार झालेल्या फाइलींना लेबलच नसते, म्हणून पुन्हा चालू होताना यंत्रणा सगळी डिस्क नोंदवहीप्रमाणे नव्याने रंगवून काढते. त्या झाडणीत तुमची पाटी गेली. कॉन्फिग फाइलची तारीख बघा, बहुधा तो माणूस आला त्याच आठवड्याची निघेल.

आता फेरफार करून घेऊ. ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट मायनस ए मायनस टी एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी’, आणि पुढे अवतरणचिन्हांत ‘/डेटा/अहवाल(/.*)?’. ते कंसातले शेपूट विसरू नका. ते नसेल तर नोंद एकट्या फोल्डरची होते आणि आतल्या फाइली पोरक्या राहतात. सेमॅनेज फक्त नोंद करते, फाइलीला हातही लावत नाही. त्यामुळे नंतर ‘रिस्टोरकॉन मायनस कॅपिटल आर मायनस व्ही /डेटा/अहवाल’ चालवावेच लागते. ‘मायनस एन’ जोडून आधी रंगीत तालीम घेता येते: काय बदलेल ते दाखवते, बदलत काही नाही. तुमच्या हातच्या नोंदी बघायला ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट मायनस एल मायनस कॅपिटल सी’. त्या फोल्डरात वेबवरून फाइली चढवायच्याही असतील, तर तेवढ्या उपफोल्डरला ‘एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी’ द्या. सगळ्या अहवालांना देऊ नका. सेमॅनेज सापडतच नसेल, तर ‘पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथॉन-यूटिल्स’ हे पॅकेज बसवा.

सीएचकॉन निरुपयोगी आहे असे मात्र समजू नका. ‘हे लेबल लावले तर चालेल का’ हे पाच मिनिटांत तपासायला तिच्यासारखी कमांड नाही. चालले की नोंद करायची. मीही तेच करते.

आता ‘मायनस कॅपिटल आर’ म्हटले की मला काय आठवते ते ऐका. ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये मी रात्रपाळीला होते. पहाटेचे पावणेचार. चहा घेऊन आले, आणि असाच एक फोल्डर रंगवायचा म्हणून टाइप केले: सीएचकॉन, कॅपिटल आर, प्रकार, टिंब, स्लॅश. फक्त टिंब आणि स्लॅश यांच्यामध्ये स्पेस पडली. म्हणजे ‘हा फोल्डर’ आणि ‘अख्खी डिस्क’ असे दोन पत्ते झाले. मूळ स्लॅशवर थांबून विचारायची सवय सीएचकॉनला नाही, ‘प्रिझर्व्ह-रूट’ स्वतःहून लिहिले तरच ती अडते. पडद्यावर काहीच येत नव्हते, त्यामुळे मी निवांत चहा पीत बसले. कप संपेपर्यंत ‘/ईटीसी/शॅडो’सुद्धा वेबसाइटचे पान झाली होती. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करायला गेले, तर दार बंद. चालू असलेले सत्र तेवढे हातात होते, ते सोडले नाही. शेवटी रीस्टार्ट करताना कर्नलच्या ओळीत ‘एनफोर्सिंग=०’ आणि ‘ऑटोरीलेबल=१’ घातले आणि सगळी डिस्क पुन्हा रंगवली जाईपर्यंत त्या पडद्यासमोरून हलले नाही. सकाळपाळीचे साहेब आले तेव्हा सर्व्हर उभा होता. मी आपण होऊन सांगितले. त्यांनी हाजिरीच्या वहीतच लिहायला लावले. ते पान मला अजून दिसते.

प्रश्न : नांदेडहून लिहितो आहे. आमच्या संस्थेत ३ जण एकाच लिनक्स सर्व्हरवर काम करतात. पगारपत्रकाच्या १२ फाइलींवर ‘गोपनीय’ असे लेबल लावायचे होते. लेबलाच्या शेवटी ‘एस०’ दिसले आणि वाचले की आकडा जितका मोठा तितकी गोपनीयता जास्त. म्हणून ‘सीएचकॉन मायनस एल एस३’ दिले, तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. मग ‘एस०:सी५’ दिले, ते चालले! पण सहकारी ती फाइल आरामात उघडतात. चुकले कुठे?

उत्तर : वाचलेत ते बरोबर, पण ते तुमच्या सर्व्हरवर लागू असलेल्या धोरणाचे (कोणत्या लेबलाला काय चालते याच्या नियमावलीचे) नाही.

तुमच्याकडे ‘टार्गेटेड’ नावाचे धोरण आहे, ९९ टक्के लोकांकडे तेच असते. (हा आकडा माझ्या डोळ्यांचा, कुणी मोजलेला नाही.) त्यात संवेदनशीलतेची पातळी एकच, एस०. एस३ नावाची पायरीच बांधलेली नाही, म्हणून ‘इनव्हॅलिड’. खाती (म्हणजे कॅटेगरी, लॉगिनची खाती नव्हेत) मात्र १०२४ आहेत, सी० ते सी१०२३. त्यामुळे सी५ लागले. पण त्या खात्यांचे बंधन या धोरणात ठरावीक प्रोग्रॅमांवरच असते, मुख्यतः कंटेनर (आपापल्या बंद डब्यात चालणारे प्रोग्रॅम) आणि व्हर्च्युअल मशिन यांवर. साधा माणूस लॉगिन करतो तो ‘अनकन्फाइन्ड’ म्हणून, सगळ्या खात्यांच्या किल्ल्या कमरेला लावूनच. तुम्ही डब्यावर ‘हात लावू नये’ लिहिलेत आणि डबा ओट्यावरच ठेवलात.

पातळ्यांचा खरा संसार ‘एमएलएस’ (मल्टिलेव्हल सिक्युरिटी) धोरणात आहे. तिथे एस० ते एस१५ अशा १६ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर ती १०२४ खाती. ‘सेटट्रान्स.कॉन्फ’ या फाइलीत पायऱ्यांना आपली नावे देता येतात. एस१ला ‘अंतर्गत’, एस२ला ‘गोपनीय’, काय हवे ते. सोबत ‘एमसीएसट्रान्स’ ही सेवा चालू हवी, तरच नावे दिसतात. यामागचा विचार लष्करी दप्तरांतला आहे. डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापाडुला यांनी १९७३ साली अमेरिकेतल्या मायटर संस्थेत तो गणिताच्या भाषेत मांडला. खालच्याने वरचे वाचायचे नाही, हे कुणालाही पटते. दुसरा नियम पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो: वरच्याने खाली लिहायचे नाही. गोपनीय फाइल उघडून बसलेल्या माणसाने (किंवा त्याच्या नावाने चालणाऱ्या एखाद्या लबाड प्रोग्रॅमने) तोच मजकूर साध्या फाइलीत उतरवला तर? म्हणून ती वाटच बंद. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या एमएलएसमध्ये तर लिहिणे फक्त आपल्याच पायरीवर होते, वरही नाही आणि खालीही नाही.

मग अशा ठिकाणी फाइलची पायरी बदलायची कशी? कमांड तीच, ‘सीएचकॉन मायनस एल एस२’. पण चालवणाऱ्याला तो हक्क धोरणातून मिळालेला असावा लागतो, आणि चढवण्याचा हक्क वेगळा, उतरवण्याचा वेगळा. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) असून उपयोग नाही. हे मला फार शहाणपणाचे वाटते. चढवताना चूक झाली तर चार जणांचे काम अडते, ते तक्रार करतात, दुरुस्ती होते. उतरवताना चूक झाली तर कुणाचीच तक्रार येत नाही. आम्ही उतरवण्यासाठी वेगळी वही ठेवली होती: फाइल कोणती, सांगितले कुणी, कारण काय. कमांड त्यानंतर.

पायरीची कायमची नोंद ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’लाच ‘मायनस आर एस२’ जोडून होते. पण इथे एक खड्डा आहे. नुसता रिस्टोरकॉन फक्त प्रकार दुरुस्त करतो, पायरीला शिवत नाही. पायरी बदलायची तर ‘मायनस कॅपिटल एफ’ द्यावा लागतो. आणि उलटही: सीएचकॉनने हौसेने लावलेली पायरी रोजच्या रिस्टोरकॉनमधून सुटते, आणि एखाद्या दिवशी कुणी कॅपिटल एफ लावला की गुपचूप उतरते. नोंद नसेल तर.

सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमची ट्रस्टेड एक्स्टेन्शन्स २००६ मध्ये आली, तेव्हा मी काही महिने तिच्यावर काम केले. तिथे प्रत्येक लेबल म्हणजे एक स्वतंत्र झोन, सर्व्हरमधले वेगळे घर. ‘सेटलेबल’ ही कमांड दिली की फाइल एका झोनमधून उठून दुसऱ्या झोनमध्ये जाते. तिचा पत्ताच बदलतो! रात्रीच्या स्क्रिप्टा जुन्या पत्त्यावर जाऊन हात हलवत परत यायच्या. पण लेबल बदलणे म्हणजे घर बदलणे, हे त्या यंत्रणेत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसले नाही.

तुम्ही तिघांसाठी एमएलएस लावू नका. ते धोरण असताना सर्व्हरवर ग्राफिकल डेस्कटॉप चालवू नये असे रेड हॅटच सांगते, आणि पहिल्या आठवड्यात तुमचे अर्धे प्रोग्रॅम रुसतील. ‘पगार’ नावाचा एक ग्रुप करा, फोल्डरला २७७०, फाइलींना ६६०, ग्रुपात फक्त ज्यांचा संबंध तेच. सी५ काढून टाका: ‘सीएचकॉन मायनस एल एस०’.

आणि खात्यांची खरी मजा बघायचीच असेल, तर एखाद्या मशिनवर दोन कंटेनर चालू करून ‘पीएस’ला कॅपिटल झेड जोडून बघा. प्रत्येकाला दोन-दोन खात्यांची वेगळी जोडी मिळालेली असते. १०२४ मधून दोन म्हणजे ५,२३,७७६ जोड्या. एक कंटेनर फुटला तरी शेजारच्याच्या फाइलींना त्याचा हात पोचत नाही. फक्त पॉडमॅनला (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) व्हॉल्यूम, म्हणजे आपला फोल्डर, देताना शेवटी ‘:कॅपिटल झेड’ लावाल ते जपून. ते तुमच्या मूळ फोल्डरचे लेबल बदलून त्या एका कंटेनरच्या नावे करते. कुणीतरी तिथे ‘/होम’ देतो, आणि मग दुपारी मला फोन येतो.

प्रश्न : पेन ड्राइव्हवरच्या फाइलींना सीएचकॉन लावले तर ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’. पेन ड्राइव्ह खराब आहे का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : नाही गं, ठणठणीत आहे. त्यावर फॅट फाइल सिस्टिम असेल. लेबल लिहायला फाइलीच्या पाठीवर जी जादा जागा लागते, ती फॅटमध्ये नसतेच. अशा वेळी फाइलींना एकेक लेबल देता येत नाही. माउंट करतानाच ‘मायनस ओ कॉन्टेक्स्ट=’ लिहून सगळ्या ड्राइव्हला मिळून एक लेबल दे. आणि हो, हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही हीच लेबले आहेत. ५.० आवृत्तीपासून ती पूर्ण सक्तीने चालू असतात. तिथे ‘सेटएनफोर्स ०’ (पहारा तात्पुरता ढिला) करायची सोय सामान्य माणसाला ठेवलेली नाही, ते बरेच आहे.

प्रश्न : आमच्या ऑफिसात विंडोज आहे. वर्डमध्ये वरच्या बाजूला ‘कॉन्फिडेन्शियल’ असे लेबल येते. तेही हेच का? २०० फाइलींचे लेबल एकदम बदलायचे आहे. (ठाणे)

उत्तर : नाव एक, कुळी वेगळी. तुमचे ते मायक्रोसॉफ्ट परव्ह्यू या सेवेचे लेबल फाइलीच्या आत लिहिले जाते आणि ईमेलने फाइल गेली तरी सोबत जाते. संस्थेने ठरवले असेल तर मजकूरही कुलूपबंद करते. एसईलिनक्सचे लेबल त्या डिस्कपुरते. फाइल मेल केलीत, की लेबल मागे आणि मजकूर पुढे. दुसऱ्या लिनक्स सर्व्हरवर नेतानाही ‘टार’ला ‘मायनस मायनस एसईलिनक्स’ किंवा ‘आरसिंक’ला ‘मायनस कॅपिटल एक्स’ सांगावे लागते.

तुमच्या कामासाठी पॉवरशेलमध्ये ‘सेट-फाइललेबल’ ही कमांड आहे. पूर्वी तिचे नाव ‘सेट-एआयपीफाइललेबल’ होते, म्हणून जुन्या लेखांत ते सापडेल. लेबल खालच्या दर्जाचे करताना धोरण कारण मागत असेल, तर ते ‘जस्टिफिकेशनमेसेज’मध्ये लिहावे लागते. तिथे ‘टेस्ट’ असे लिहून २०० फाइली उतरवू नका, तो मजकूर लॉगमध्ये जातो. आधी ५ फाइलींवर चालवा, ‘गेट-फाइलस्टेटस’ने बघा, आणि त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या तरी लॉगिनमधून उघडून घ्या.